पाणचक्कीचा हौज आणि खालांचे मासे

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की बघायला येणारा माणूस आधी चक्की शोधतो. जातं कुठे आहे, ते पाण्यावर कसं फिरायचं, पीठ कुठे पडायचं हे बघून झालं की तो फोटो काढतो आणि बाहेर येऊन चहा पितो. हौजाकडे त्याचं लक्ष जातं ते कारंज्यापुरतं, नाहीतर मुलांना मासे दाखवण्यापुरतं. यंदा मे महिन्याच्या सुटीत मी मात्र दोन सकाळी नुसत्या त्या हौजाच्या काठावर घालवल्या. तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर माझ्या खालांचं घर आहे. त्यांच्या परसातही एक लहानसा हौज आहे, आणि त्यातले मासे एकामागून एक मरत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते एवढ्या कारणाने खालांनी तो प्रश्न माझ्या पदरात टाकला होता.

आधी पाणचक्कीबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ही जागा सहलीचं ठिकाण म्हणून माहीत असते आणि खानकाह म्हणून माहीत नसते. महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठावर हे आवार आहे. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे दोन नक्शबंदी बुजुर्ग, बाबा शाह सईद पलंगपोश आणि त्यांचे खलिफा बाबा शाह मुसाफिर, औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये आले. दोघांच्या कबरी याच आवारात आहेत. त्यांच्या मागे खानकाहीत येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ वाढली. मुसाफिर, फकीर, तालिबे इल्म, शिपाई, सगळ्यांना रोटी लागायची. रोटीला पीठ आणि पिठाला चक्की. हर्सूलच्या बाजूच्या विहिरीचं पाणी मातीच्या बंद नळांतून इथवर आणलं गेलं. हे काम तुर्कताज खान या सरदाराने केलं आणि ते १७४४ च्या सुमारास पूर्ण झालं असं मानतात. मशिदीपुढचा लांबट हौज आणि कारंजी त्यानंतर वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने बांधली.

नळ जमिनीखालून येतात आणि मध्येमध्ये उंच मनोरे उभे आहेत. पाणी मनोऱ्यात वर चढतं, अडकलेली हवा सुटते आणि ते पुन्हा खाली उतरून पुढे जातं. शेवटी ते पाणचक्कीच्या उंच भिंतीवरून खाली कोसळतं. त्याच जोराने पात्यांचं चाक फिरायचं आणि चाकाबरोबर जातं. मग पाणी हौजात, आणि हौज भरून वाहिला की जादा पाणी खाली खाम नदीत. हौजाच्या खाली खांबांवर उभं असलेलं मोठं दालन आहे, म्हणजे हौजाचा तळ हेच त्या दालनाचं छत. बाहेर उन्हाने डोकं भणभणत असताना त्या दालनात शिरलं की अंगावरून कुणी ओला हात फिरवल्यासारखं वाटतं.

हे सगळं मी पूर्वीही पाहिलं होतं. या वेळी पाहिलं ते माशांच्या बाजूने.

मासा पाण्यात राहतो म्हणून त्याला हवा लागत नाही असं आपण धरून चालतो. त्याला प्राणवायू लागतोच, फक्त तो पाण्यात विरघळलेला हवा. आणि पाणी जितकं तापेल तितका त्यात कमी प्राणवायू मावतो. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू असू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. पाचच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास सुरू होतो. आता पाणचक्कीकडे बघा. पाणी उंचावरून पडतं, फुटतं, फेसाळतं, म्हणजे हवा पिऊनच हौजात येतं. वर कारंजी पुन्हा तेच काम करतात. शेजारी जुना प्रचंड वड आहे, त्याची सावली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पाणी थांबत नव्हतं. एका बाजूने येत होतं, दुसऱ्या बाजूने जात होतं. माशांनी केलेली घाण त्याच्याबरोबर वाहून जात होती. बांधणाऱ्यांनी चक्की, वजू, थंडावा आणि शोभा यांचा विचार केला होता. मासे त्या हिशेबात आयतेच जगले.

‘होती, होता’ असं लिहिते आहे, कारण शहर वाढलं तशा औरंगाबादच्या जुन्या नहरींवर घरं आली, रस्ते आले, त्या जागोजागी फुटल्या. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिलेली नहरीची पद्धत ज्या शहराला शतकानुशतकं पाणी पाजत राहिली, त्याच शहरात आज नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं. तेही पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीहून, पंपाने वर चढवून. खाली वाहणाऱ्या खाम नदीत सांडपाणीच जास्त असायचं. अलीकडच्या काही वर्षांत तिच्या सफाईचं काम सुरू झालं आहे, आणि काठावरून जाताना पूर्वीसारखं नाकाला ओढणी लावावी लागली नाही, हेही सांगायला हवं.

हौजाच्या काठावर मुलांची गर्दी होती. कुणी चुरमुरे टाकत होतं, कुणी बिस्किटं, एका हौशी मामूंनी तर अख्खा पाव कुस्करून टाकला. मासे तोंडं वर करून झुंबड करतात, मुलं किंचाळतात, आईवडील खूश होतात. सवाबाचं काम केल्याचं समाधानही असतं. पण मासा खाईल तेवढंच त्याचं. उरलेला पाव तळाशी जातो, कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. मुलांना मासे दाखवायचेच असतील तर चिमूटभर टाका आणि तो संपेपर्यंत बघा. दोनतीन मिनिटांत संपलं नाही तर जास्त झालं. चुरमुरे निदान तरंगतात, जाळीने काढता येतात. पाव काढता येत नाही.

तर आता खालांचा हौज.

खालूजान नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी परसात हा हौज बांधला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल. हिशेब केला तर अठ्ठावीसशे लिटरच्या आसपास पाणी. असरनंतर खुर्ची टाकून त्याच्या काठावर बसायचं, तसबीह फिरवायची आणि माशांना दाणे टाकायचे, एवढाच त्यांचा शौक. त्यांचं निधन होऊन तीन वर्षं झाली. त्यांनी सोडलेले गोल्डफिश वाढून चांगले वीतभर झाले होते. कोपऱ्यातल्या दगडांच्या आडोशाने गप्पींचा एक थवाही होता.

मी गेले तेव्हा पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं होतं. खालांनी सांगितलेली लक्षणं अशी: फजरला उठावं तर सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकतात. दुपारपर्यंत पुन्हा ठीक. आणि नळाला पाणी आल्यावर हौज पूर्ण उपसला, घासूनपुसून ताज्या पाण्याने भरला, की त्याच संध्याकाळी दोनचार मासे मरतात. मागच्या खेपेला सात मेले. “बेटा, पाणी तर आरशासारखं होतं,” खाला म्हणाल्या. “मी स्वतः बघितलं. तळातला खडा दिसत होता.”

खरी अडचण मात्र याहून मोठी होती. शेजारच्या दोन बायका तोंडावर बोलून गेल्या होत्या की इथे माणसं टँकरने पाणी घेतात आणि या घरात माशांना आंघोळ घालतात. धाकटा मुलगा म्हणत होता, हौज बुजवून टाकू, वर फरशी घालू, स्कूटर ठेवायला जागा होईल. खाला दोन्हीकडून अडकल्या होत्या. हौज बुजवायचा तर खालूजानच्या हातची एकच वस्तू जाते. ठेवायचा तर हा इसराफ नाही का, याचा जवाब अल्लाहला द्यावा लागेल. रात्री इशानंतर त्यांनी मला हेच विचारलं. शाळेतल्या विज्ञानात याचं उत्तर नव्हतं, म्हणून म्हटलं, आधी मासे का मरतात ते बघू, मग पाणी किती लागतं ते मोजू आणि मग ठरवू.

मासे का मरतात हे शोधणं अवघड नव्हतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशाला विष आहे. पण जुन्या, मुरलेल्या हौजात भिंतींवर, दगडांवर, तळाशी एका जातीचे जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य आणि झाडांना आवडणारं. नव्या हौजात या जिवाणूंची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. खालांकडे कामाला येणारा मुलगा दर खेपेला ब्लीचिंग पावडर टाकून भिंती लख्ख घासायचा. म्हणजे दर खेपेला ही वस्ती उठायची आणि हौज पुन्हा पहिल्या दिवसावर यायचा.

वर ताजं नळाचं पाणी. त्यात क्लोरीन असतं, ते असायलाच हवं, आपण ते पितो. पण जे क्लोरीन आपल्या पोटातल्या जंतूंपासून आपल्याला वाचवतं तेच माशांचे कल्ले भाजतं. संध्याकाळचे मृत्यू क्लोरीनचे, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मरगळून मरणारे अमोनियाचे. आरशासारखं पाणी दोन्ही वेळा आरशासारखंच दिसणार.

फजरच्या धापा वेगळ्या. पाणी हिरवं होतं ते त्यातल्या शेवाळाच्या सूक्ष्म पेशींमुळे. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू तयार करतं, म्हणून दुपारी मासे ठीक. रात्री तेच शेवाळ आणि मासे, दोघेही प्राणवायू वापरतात, तयार कुणीच करत नाही. पहाटेपर्यंत साठा तळाला लागतो. खाला फजरला उठतात म्हणून त्यांना हे दिसलं. सकाळी आठला उठणाऱ्या घरात मासे का मेले हे कधीच कळलं नसतं. शिवाय हिरव्या पाण्याची दुपारही बरी नसते. शेवाळ पाण्याचा क्षारपणा वाढवतं, आणि क्षारपणा व उष्णता वाढली की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. एवढं शेवाळ आलं कुठून? विचारल्यावर कळलं की हौजावर सावली धरणारं लिंबाचं झाड गेल्या वर्षी विजेच्या तारांसाठी तोडावं लागलं. ऊन सरळ पाण्यावर, आणि पाण्यात माशांचं खत. शेवाळाला आणखी काय लागतं!

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना दुआ द्यायला घरी आले होते. खालांनी त्यांच्यापुढे हौजाचा विषय काढला आणि एक गमतीदार चर्चा झाली. खाला हनफी. आम्ही कोकणातले, शाफई. हनफी मसल्यात थांबलेल्या पाण्याचा ‘मोठा’ हौज म्हणजे दह दर दह, दहा हात लांब आणि दहा हात रुंद, साधारण पंधरा फूट बाय पंधरा फूट. खालांचा हौज त्यात बसत नाही, म्हणजे तो थोड्या पाण्याचा. त्यात नजासत पडली तर पाणी नापाक. शाफईंकडे हिशेब दोन कुल्ल्यांचा, म्हणजे अंदाजे दोनशे लिटरचा. त्या हिशेबाने हाच हौज पुष्कळ पाण्याचा, आणि जोवर नजासतीने त्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही तोवर पाक. मौलाना हसून म्हणाले, “भाचीने वजू केला तर चालेल, खालाने जरा जपून!” मेलेल्या माशांबद्दल खालांच्या मनात शंका होती, तीही त्यांनी दूर केली. पाण्यातच राहणारा जीव पाण्यात मेला तर त्याने पाणी नापाक होत नाही.

रंग, वास, चव. मला या तीन कसोट्या फार शहाण्या वाटतात. प्रयोगशाळा नसताना साध्या माणसाला पाणी ओळखता यावं म्हणून याहून चांगलं काय सांगता आलं असतं? आजही विहिरीच्या पाण्याची पहिली तपासणी आपण याच तिन्हींनी करतो. पण या कसोट्या माणसाच्या तहारतीसाठी आहेत. माशाला मारण्याइतका अमोनिया पाण्यात असला तरी तुम्हाआम्हाला वास येईलच असं नाही. प्राणवायू कमी झाला तर रंग बदलत नाही. तिथे बघायचं माशाकडेच. तो वर येऊन धापतो का, पंख मिटून कोपऱ्यात बसतो का, खाण्याकडे पाठ फिरवतो का.

मत्स्यपालनाच्या दुकानातून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू मोजायचे थेंबांचे संच आणले. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. खालांच्या नातवंडांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी हौजाबरोबर कूलरचं, माठाचं आणि शेजाऱ्यांच्या बोअरचंही पाणी तपासून टाकलं. हौजाचा अमोनिया तक्त्यावर गडद हिरवा आला. तो शून्य यायला हवा. नायट्राइटही शून्य हवा. नायट्रेट चाळिसाच्या आत असला की पुरे. सामू साडेसहा ते साडेआठच्या मध्ये, आणि मुख्य म्हणजे रोज वरखाली न होणारा. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. धुण्याला त्याचा वैताग येतो, पण सामू स्थिर ठेवायला ते बरं. आमच्या कोकणात जांभ्यातलं पाणी हलकं आणि किंचित आंबट. तिथे हौज करणाऱ्याने वेगळी काळजी घ्यायला हवी.

उपाय घरातल्याच वस्तूंनी केले. औरंगाबादेत मे महिन्यात कोणत्या घरात कूलर नसतो? जुन्या कूलरची मोटर काढली. ती वीस वॅटची, चोवीस तास चालली तरी दिवसाला अर्धं युनिट. एका मोठ्या प्लास्टिकच्या बादलीला तळाशी भोकं पाडली, तिच्यात जुन्या कौलांचे तुकडे आणि वर गादीचा जुना फोम भरला आणि बादली हौजाच्या काठावर दीड फूट उंचावर बसवली. मोटर पाणी वर चढवते, ते फोममधून आणि कौलांतून झिरपत खाली हौजात पडतं. कौलांच्या खरबरीत अंगावर जिवाणूंची वस्ती होते आणि पडणारं पाणी हवा घेऊन जातं. पाणचक्कीची ही गरिबाघरची धाकटी बहीण. एक ताकीद मात्र देते: पाण्यात विजेची मोटर सोडायची तर अर्थिंग आणि गळती झाल्यावर आपोआप बंद होणारं बटण वायरमनकडून बसवून घ्याच. मुलं हौजात हात घालणारच. आणि फोम धुवायचा तर हौजातल्याच काढलेल्या पाण्यात धुवा. नळाखाली धरलात की जिवाणू पुन्हा गेले.

वर नर्सरीत मिळते ती हिरवी जाळी बांधली. खाणं दिवसातून एकदा, तेही थोडं. पाण्यात वाढलेल्या अमोनियाला पहिले काही आठवडे हाच खरा इलाज आहे. ब्लीचिंग बंद. हौज पूर्ण उपसणं बंद. आठवड्यातून एकदा फक्त दहावा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच, ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी घालायचं. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते उघडं ठेवून उडत नाही. अशा ठिकाणी दुकानातलं क्लोरीन मारणारं औषध लागतं. खाला तुरटी फिरवू का म्हणत होत्या. नको म्हटलं. पिण्याच्या पाण्याचा गाळ बसवायला तुरटी ठीक, पण ती पाण्याचा सामू खाली ओढते.

आता इसराफचा हिशेब. कागद घेऊन बसलो. पूर्वीच्या पद्धतीने नळाच्या प्रत्येक खेपेला अठ्ठावीसशे लिटर पाणी गटारात जात होतं. शेजारणींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे खालांनी स्वतःच कबूल केलं. नव्या पद्धतीने आठवड्याला दोनशे ऐंशी लिटर काढायचं. पण ते काढलेलं पाणी नायट्रेटचं, म्हणजे खताचं. ते मोगऱ्याला, कढीपत्त्याला आणि पपईला जातं, आणि त्या झाडांना पूर्वी वेगळं पाणी घालावं लागायचंच. म्हणजे ते वाया गेलं असं म्हणता येत नाही. राहिली वाफ. मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते. चाळीस चौरस फुटांच्या हौजातून रोज पस्तीस-चाळीस लिटर, दोनतीन बादल्या. जाळीमुळे त्याहून कमी. खाला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी जपून वापरावं ही तालीम लहानपणापासून मनावर बिंबलेली. दुसरीकडे तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या बक्षिशीची हदीसही त्यांनीच मला लहानपणी सांगितली होती. “दोन बादल्या मी माझ्या हिश्शातून देईन,” त्या म्हणाल्या. “आंघोळीला एक तांब्या कमी.” मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच बादलीला बसवायला लोखंडी चौकट करून आणली.

परतताना मुंबईत एक दिवस होता. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जोहर पढले. मुंबईत राहून ती न पाहिलेले लोक मला माहीत आहेत. १८०२ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीच्या पोटात मशिदीहूनही जुना तलाव आहे. काळ्या दगडाच्या सोळा कमानी त्या पाण्यातूनच वर येतात आणि मशिदीचा भार पेलतात. पाण्याला तळातल्या झऱ्यांचा आधार. त्यात मासे, कासवं. बाहेर कापड बाजाराचा कल्लोळ, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, आणि दोन पायऱ्या उतरून वजूला बसलं की समोर थंड, गर्द पाणी. खालांच्या हौजाचं सगळं गणित इथे उलटं. खोली भरपूर, ऊन कमी, पाण्याचा साठा मोठा आणि खालून झऱ्यांची भर. खोल आणि मोठ्या पाण्यात तापमान हळू बदलतं, घाण विरळ होते. अडीच फुटांच्या हौजात एका दुपारीत जे बिघडतं ते इथे बिघडायला कितीतरी दिवस लागतील. परसात हौज खोदायचा विचार असेल तर म्हणूनच सांगते, लांबी-रुंदीत थोडी काटकसर करा, खोली वाढवा. आणि घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी बसवल्याशिवाय पाणी भरू नका.

खालांचे फोन येत राहिले. जूनच्या मध्यात नातीने आकडे वाचून दाखवले: अमोनिया उतरला, पण नायट्राइट चढला. मी सांगितलं, हे ठरलेलं आहे, पहिले जिवाणू बसले, दुसरे यायचे आहेत, खाणं आणखी कमी करा. त्या दिवसांत एक गोल्डफिश गेला. जुलैच्या सुरुवातीला दोन्ही शून्यावर आले. पाणी पूर्ण स्वच्छ झालं नाही, किंचित हिरवट झाक राहिली, ती राहू दे म्हटलं. पावसाचं पाणी हौजात घेऊ का असं त्यांनी विचारलं. घ्या, पण पहिल्या दोनतीन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या, नाहीतर वर्षाची धूळ आणि कबुतरांची घाण सगळी हौजात.

पावसाळ्याबरोबर मोहल्ल्यात डेंग्यूही आला. ज्या शहरात नळ आठवड्याने येतो तिथे घरोघरी ड्रम, टाक्या, रांजण भरलेले असतात आणि डेंग्यूच्या डासाला असलंच साठवलेलं पाणी लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं आरोग्य खात्याची माणसं सांगून जातात. पण पुन्हा पाणी कधी येईल हे माहीत नसताना भरलेला ड्रम ओतायची हिंमत कुणाला होणार? डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभागाकडून गप्पी मासे वाटले जातात. खालांच्या हौजात तर ते दगडाआड शेकड्यांनी झाले होते. नदीत किंवा तलावात ते सोडू नयेत, तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. धुण्याभांड्याच्या पाण्याच्या ड्रमात मात्र पाचसहा पुरतात.

पहिली मागणी घेऊन आली ती टँकरवरून बोलणारी शेजारीणच. तिच्या मुलाला ताप येऊन गेला होता. खालांनी चहाच्या गाळणीने दहा गप्पी पकडून स्टीलच्या डब्यात दिले, हौजाचंच पाणी घालून, आणि बजावलं की ड्रममध्ये नळाचं ताजं पाणी भरलं असेल तर दोन दिवस थांब, आणि डबा आधी अर्धा तास ड्रमात तरंगत ठेव, एकदम ओतू नकोस. आतापर्यंत त्या गल्लीत चौदा घरांत गप्पी गेले आहेत. नात वहीत लिहून ठेवते. डबे मात्र सगळे परत आलेले नाहीत, अशी खालांची तक्रार आहे.